पहिल्यांदाच मुख्य संशोधक होताना: मार्गदर्शक कसे मिळवावेत आणि नेतृत्व कसे शिकावे

एमडी, एमएस किंवा डीएनबी पूर्ण करून वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या आणि रुग्णसेवा व अध्यापन सांभाळून संशोधनही करू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी हा लेख लिहीत आहे. पीएचडीनंतर संशोधन संस्थेत स्वतःचा गट उभारणाऱ्यांनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल. मी स्वतः एका शासकीय महाविद्यालयाच्या औषधवैद्यकशास्त्र विभागातून या वाटेने गेले आहे. क्षयरोग आणि मधुमेह हे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांवरील माझा पहिला अनुदानित प्रकल्प मंजूर झाला, त्या दिवसापर्यंत मी एकाही माणसाची नेमणूक केलेली नव्हती, एकाही अनुदानाचा हिशोब दिलेला नव्हता आणि कोणाच्या चुकीबद्दल त्याच्याशी शांतपणे समोरासमोर बोलले नव्हते. मंजुरीपत्रात मात्र माझ्या नावापुढे ‘मुख्य संशोधक’ असे छापलेले होते.

पदव्युत्तर शिक्षणात आपल्याला ‘गाईड’ विभागाकडून वाटून दिलेला असतो. प्रबंध पूर्ण होतो, सही होते आणि ते नाते बहुतेक वेळा तिथेच संपते. त्यामुळे मार्गदर्शक निवडणे, त्यांच्याकडे नेमके काय मागावे हे ठरवणे आणि पुढे स्वतः माणसे सांभाळणे, यांतले काहीही आपण शिकलेले नसतो. हे सगळे अंगावर पडले की आपोआप येते, असे आपल्याकडे मानतात. मला ते पटत नाही, कारण आपण चुकत चुकत शिकतो तेव्हा त्या चुकांची किंमत बहुतेक वेळा आपल्या हाताखालचे कंत्राटी कर्मचारी आणि संशोधनात सहभागी झालेले रुग्ण मोजतात. हे आधीच, ठरवून आणि लिहून शिकता येते. त्याच्या पायऱ्या मी माझ्या अनुभवाच्या क्रमाने पुढे देत आहे.

पायरी १: आपला आठवडा आणि पुढची तीन वर्षे कागदावर मांडा

कोणाकडेही मार्गदर्शन मागायला जाण्याआधी दोन कागद तयार करा. पहिल्या कागदावर मागील चार आठवड्यांचा खरा हिशोब लिहा: ओपीडी, वॉर्डातील राउंड, तातडीची ड्युटी, व्याख्याने, परीक्षा, निरीक्षणाच्या तयारीतील कागदपत्रे आणि या सगळ्यांनंतर संशोधनासाठी उरलेले तास. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा संशोधनाचे तास आठवड्याला तीनपेक्षाही कमी भरले, आणि तेही रात्री नऊनंतरचे होते. हा आकडा समोर असल्याशिवाय विभागप्रमुखांकडे संशोधनासाठी राखीव वेळ मागता येत नाही, कारण ‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य त्यांनी प्रत्येकाकडून ऐकलेले असते. ‘बुधवारी दुपारी मला ओपीडीतून मोकळे करावे, त्याच्या बदल्यात शनिवारची ओपीडी मी घेईन’ असा ठोस प्रस्ताव मात्र मान्य होऊ शकतो. माझा झाला.

दुसऱ्या कागदावर पुढच्या तीन वर्षांत ज्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे तो प्रश्न, त्यासाठी आपल्याजवळ नसलेली कौशल्ये आणि आपल्या अडचणी लिहा. अडचणी लिहिताना संकोच करू नका. बंधपत्रित सेवा, बदलीची शक्यता, बाळंतपण, घरातील आजारपण, सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी हे सगळे त्या कागदावर आले पाहिजे. शासकीय सेवेतील डॉक्टरांनी बदलीचा विचार तर पहिल्याच दिवशी करावा. प्रकल्प मध्यावर असताना मुख्य संशोधकाची बदली झाली, की रुग्णांचा पाठपुरावा, नमुने आणि कर्मचारी मागे राहतात. म्हणून त्याच संस्थेतील एखादा सहसंशोधक सुरुवातीपासून नावापुरता न ठेवता कामात खरोखर सहभागी करून घ्यावा.

पायरी २: एका गुरूचा शोध सोडा आणि कामे वेगवेगळी करा

‘मला चांगला गुरू मिळाला नाही’ ही तक्रार मी तरुण सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकते, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तीच करत होते. एकाच व्यक्तीने विषय शिकवावा, आकडेवारी तपासावी, अधिष्ठात्यांकडे शब्द टाकावा, परिषदेला पाठवावे आणि मन खचले की धीरही द्यावा, अशी ही अपेक्षा असते. विद्या देणाऱ्या गुरूविषयीची आपली श्रद्धा या अपेक्षेला आणखी बळ देते. प्रत्यक्षात ही निरनिराळी कामे आहेत, ती करणारी माणसे बहुधा निरनिराळी असतात आणि ती वेगळी केली की कोणावरच असह्य भार पडत नाही.

विषयातील मार्गदर्शक तुमचा प्रश्न आधीच कोणी सोडवला आहे का आणि तो सोडवण्याजोगा आहे का, हे सांगतात. ते तुमच्या संस्थेत असलेच पाहिजेत असे नाही. पद्धतीचे मार्गदर्शक, म्हणजे जैवसांख्यिकी किंवा साथरोगशास्त्र जाणणारी व्यक्ती, बहुतेक जण फार उशिरा शोधतात. माहिती गोळा झाल्यावर सांख्यिकी तज्ज्ञांकडे फाईल घेऊन जाणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण नमुन्याचा आकार चुकलेला असेल तर त्या टप्प्यावर ते काहीही करू शकत नाहीत. प्रोटोकॉलचे, म्हणजे संशोधनाच्या लेखी आराखड्याचे, पहिले पान लिहितानाच त्यांच्यासोबत बसा आणि त्यांना सहसंशोधक करून घ्या.

तिसरी व्यक्ती संस्थेच्या आतील वाट दाखवणारी असावी. फाईल कोणत्या टेबलावर अडते, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची बैठक कधी होते, खरेदीचा प्रस्ताव कसा लिहावा, हे तिला माहीत असते. ही व्यक्ती मोठी संशोधक असण्याची गरज नाही. माझ्या बाबतीत हे काम लेखा विभागातील एका ज्येष्ठ लिपिकांनी केले आणि त्यांच्याइतके व्यावहारिक शिक्षण मला कोणत्याही कार्यशाळेत मिळाले नाही.

चौथे काम पाठीशी उभे राहण्याचे आहे. तुम्ही उपस्थित नसलेल्या बैठकीत तुमचे नाव सुचवणारी आणि संधी आली की तुम्हाला बाहेर पाठवणारी ही व्यक्ती असते. याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. त्यानंतर आपल्या या हुशार विद्यार्थिनीला स्वतःच्याच प्रयोगशाळेत अडकवून न ठेवता खानोलकरांनी तिला परदेशी फेलोशिपसाठी प्रोत्साहन दिले. रणदिवे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे, तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजण्याआधी त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत आणि स्वतःच्या नावावर काय करत आहेत, हे पाहा. पंधरा वर्षांनंतरही सगळे विद्यार्थी त्यांच्याच हाताखाली असतील, तर ती धोक्याची खूण समजावी.

याशिवाय बरोबरीचे सहकारी हवेत. आम्ही वेगवेगळ्या महाविद्यालयांतील चौघे जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तासभर ऑनलाइन भेटतो, एकमेकांचे मसुदे वाचतो आणि नाकारले गेलेले अर्ज न लपवता समोर ठेवतो. दुसऱ्याच्या नाकारलेल्या अर्जावरील परीक्षकांचे शेरे वाचायला मिळणे हे फार मोलाचे शिक्षण आहे.

पायरी ३: मार्गदर्शन मागताना नेमके मागा

‘सर, तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?’ या प्रश्नाला ज्येष्ठ माणसे सौजन्याने ‘हो’ म्हणतात आणि पुढे काहीच घडत नाही, कारण काय करायचे हे दोघांनाही ठाऊक नसते. त्याऐवजी एक छोटा ईमेल लिहा. त्यात आपण कोण, कोणत्या प्रश्नावर काम करत आहोत, त्यांच्या कोणत्या कामामुळे त्यांच्याकडे आलो आणि नेमकी कोणती मदत हवी, एवढेच असावे. सोबत एका पानाची संशोधन-कल्पना जोडा. मी पाठवलेल्या एका पत्राचा मुख्य भाग असा होता: “मॅडम, सोबतच्या एका पानात मी रुग्णनिवडीचे निकष मांडले आहेत. मधुमेहाचे निदान क्षयरोगाचे उपचार सुरू करताना करावे की दोन महिन्यांनी, याबाबत माझा निर्णय होत नाही. आपण तीस मिनिटे दिलीत तर आपल्या सोयीच्या वेळी मी फोन करीन.” तिसऱ्या दिवशी उत्तर आले.

उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करून द्या आणि त्यानंतर दुसऱ्या नावाकडे वळा. मौनाचा अर्थ अपमान असा लावून घेऊ नका. पहिली भेट झाल्यावर दोन दिवसांत, काय ठरले आणि मी काय करणार आहे, हे चार ओळींत कळवा. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा कळवा. दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे सांगणारे तरुण फार थोडे असतात आणि ज्येष्ठांना तेच लक्षात राहतात.

विभागप्रमुखांना वगळून बाहेर मार्गदर्शक शोधला, असे चित्र उभे राहू देऊ नका. आपल्या संस्थांची उतरंड लक्षात घेता यातून झालेले गैरसमज वर्षानुवर्षे टिकतात. बाहेरच्या मार्गदर्शकांशी पहिला पत्रव्यवहार करण्याआधी विभागप्रमुखांच्या कानावर घालावे आणि प्रोटोकॉलचा मसुदा त्यांनाही वाचायला द्यावा. मार्गदर्शक परदेशातील असतील, तर केवळ सल्ला घेणे आणि त्यांच्याकडून निधी घेणे किंवा त्यांना जैविक नमुने पाठवणे यांतला फरकही ध्यानात ठेवा. दुसऱ्या प्रकारच्या सहकार्यासाठी आयसीएमआरमार्फत, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत, चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरलेला असला पाहिजे.

पायरी ४: ठरलेले लिहून ठेवा

ही पायरी लोकांना सर्वांत अवघड वाटते. ज्येष्ठांसमोर लेखी काही ठेवणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटले होते आणि त्यामुळे माझा एक शोधनिबंध दीड वर्ष अडकून राहिला. रुग्णांची माहिती मी गोळा केली होती, मसुदा मी लिहिला होता, परंतु लेखकांचा क्रम कधीच ठरलेला नव्हता. पदोन्नतीच्या नियमांत लेखकाच्या स्थानाला महत्त्व असल्याने तिघांनाही पहिले नाव हवे होते आणि प्रत्येकाच्या दृष्टीने त्याचा दावा रास्त होता. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. वेळीच एक पान लिहिले गेले नव्हते, एवढेच.

ते पान ‘माझ्या आठवणीसाठी भेटीचा सारांश’ या नावाने लिहिले तर संकोच कमी होतो. किती दिवसांनी भेटायचे, कोणत्या कामात मदत अपेक्षित आहे, मसुदा किती दिवसांत वाचून मिळेल, माहितीचा साठा कोणाकडे राहील आणि एक वर्षानंतर ही व्यवस्था चालू ठेवायची की थांबवायची हे कधी पाहायचे, या बाबी त्यात असाव्यात. लेखकत्वासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष आधार म्हणून घ्या. संशोधनाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा. मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाची महत्त्वाची दुरुस्ती करणे. अंतिम मसुद्याला मान्यता देणे. आणि संपूर्ण कामाच्या सचोटीची जबाबदारी घेणे. हे चारही निकष एकत्र पूर्ण व्हावे लागतात. केवळ विभागप्रमुख असणे किंवा केवळ रुग्ण पाठवणे याने लेखकत्व मिळत नाही. अशा मदतीचा उल्लेख आभारात करतात. हे निकष पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर वाचले, तर ते कोणा एकाच्या विरोधात आहेत असे वाटत नाही. वाद सुरू झाल्यावर वाचले तर मात्र तसेच वाटते.

जवळ ठेवायची कागदपत्रे

पहिल्या चार पायऱ्यांत तयार झालेले आणि पुढे सतत लागणारे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा:

- दोन पानांचा संशोधनविषयक परिचय, ज्यात सर्व व्याख्यानांची व पुरस्कारांची जंत्री नसावी
- एका पानाची संशोधन-कल्पना आणि तिचा सोप्या मराठीतील गोषवारा
- तीन वर्षांचा आराखडा, दर सहा महिन्यांनी सुधारलेला
- मार्गदर्शकांच्या भेटींचे सारांश आणि लेखकत्वाविषयी ठरलेले पान
- प्रोटोकॉलची प्रत्येक आवृत्ती, तारखेसह
- नैतिकता समितीचे मंजुरीपत्र आणि तिच्याशी झालेला सर्व पत्रव्यवहार
- चिकित्सालयीन चाचणी असल्यास सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातील नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक
- उत्तम चिकित्सालयीन कार्यपद्धतीच्या, म्हणजे जीसीपीच्या, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र
- संस्थेचे संमतिपत्र, मंजुरीपत्र आणि खर्चाची विवरणपत्रे

मराठी गोषवारा नैतिकता समितीसाठी जितका उपयोगी आहे, तितकाच तुमच्या गटासाठीही. समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरील सामान्य व्यक्ती असतात. गोषवारा त्यांना कळला, तर तुमच्या क्षेत्रकार्यकर्त्यालाही तो कळेल आणि तो रुग्णाला नीट समजावून सांगू शकेल.

सीटीआरआयविषयी येथेच सांगते, कारण या सापळ्यात अनेक जण सापडतात. १ एप्रिल २०१८ पासून तेथे चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण दाखल करण्याआधीच करावी लागते. ‘नंतर करू’ असे म्हणत रुग्ण घ्यायला सुरुवात केली, तर पुढे नोंदणी होत नाही आणि चांगली नियतकालिके तो निबंध स्वीकारत नाहीत. नोंदणी निःशुल्क आहे.

पायरी ५: प्रशिक्षण निवडताना ते काय देते आणि काय देत नाही हे पाहा

आयसीएमआरच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम, जो आपण बीसीबीआर या नावाने ओळखतो, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि वैद्यकीय शिक्षकांना करावाच लागतो. तो परीक्षा उत्तीर्ण होण्यापुरता न करता मन लावून करावा, कारण त्याचा पाया चांगला आहे. परंतु तो संशोधनपद्धती शिकवतो, माणसे सांभाळायला शिकवत नाही.

त्यापुढची पायरी निवासी कार्यशाळांची. कर्करोगावर काम करणाऱ्यांसाठी टाटा स्मारक केंद्र आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांची ‘क्रेडो’ कार्यशाळा २०१५ पासून होते. तिचे वेगळेपण असे, की प्रशिक्षणार्थी स्वतःची कल्पना घेऊन येतो आणि ज्येष्ठ तज्ज्ञांच्या लहान गटात बसून काही दिवसांत तिचा पूर्ण प्रोटोकॉल तयार करतो. एरवी वर्षभरात मिळणार नाही इतके मार्गदर्शन त्या दिवसांत मिळते. केंद्र शासनाचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून २००८ मध्ये सुरू झालेली इंडिया अलायन्स फेलोशिप देते, आणि त्यासोबत डॉक्टर-संशोधक घडवण्यासाठी व विज्ञानलेखनासाठी कार्यशाळाही घेत आली आहे. फेलोशिप मिळाली नाही तरी तिच्यासाठी अर्ज लिहिणे हेच एक प्रशिक्षण आहे, कारण त्यात ‘हा प्रश्न तुम्हीच का सोडवावा’ याचे उत्तर द्यावे लागते.

नेतृत्वाचे म्हणून जे प्रशिक्षण असते, त्याचा चांगला नमुना म्हणजे युरोपातील एम्बो या संस्थेचे प्रयोगशाळा-नेतृत्वाचे अभ्यासक्रम. त्यांत नेमणुकीची मुलाखत, अभिप्राय देणे, काम वाटून देणे, गटातील तंटा सोडवणे आणि स्वतःच्या स्वभावाची ओळख, यांचा प्रत्यक्ष सराव करून घेतात. जीवशास्त्रातील नव्या संशोधकांसाठी इंडियाबायोसायन्सची यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग २००९ पासून भरते. तेथे नुकताच गट सुरू केलेले संशोधक आणि ज्येष्ठ एकत्र राहतात, आणि जेवणाच्या टेबलावर मोकळेपणाने जे बोलणे होते ते सत्रांपेक्षाही उपयोगी ठरते.

वर्षाला एकच प्रशिक्षण घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. जाताना आपल्या गटातील एक खरी अडचण लिहून न्या आणि परतल्यावर पंधरा दिवसांत कामाची एक पद्धत बदला. फाईलमध्ये दहा प्रमाणपत्रे असूनही प्रकल्पातील कर्मचाऱ्यांशी आठवड्यातून एकदाही न बोलणारे मुख्य संशोधक मी पाहिले आहेत.

पायरी ६: प्रकल्पाचे पहिले शंभर दिवस

नेतृत्वाची खरी शिकवणी येथे सुरू होते. नेमणुकीच्या मुलाखतीत उमेदवाराचे गुण विचारण्यासोबत त्याला एक छोटे प्रत्यक्ष काम द्या: क्षेत्रकार्यकर्त्याला संमतिपत्र मोठ्याने वाचून समजावून सांगायला लावा, तंत्रज्ञाला दहा नोंदी तपासून त्यांतील चुका शोधायला सांगा. निवड झाल्यावर त्याला कराराची मुदत आणि निधीचे वास्तव स्पष्ट सांगा. प्रकल्प मंजूर होणे आणि त्याचा हप्ता खात्यात जमा होणे यांत काही महिने जाऊ शकतात. त्या काळात पगार थांबतो आणि कंत्राटी कर्मचाऱ्याचे घर त्या पगारावर चालत असते. माझी पहिली प्रकल्प सहायक याच कारणाने चौथ्या महिन्यात सोडून गेली. हप्ता उशिरा येऊ शकतो, हे तिला मी आधी सांगितले असते तर तिने निदान तयारी ठेवली असती.

कोण संमती घेईल, कोण रक्ताचे नमुने घेईल, कोण माहिती भरेल आणि कोण तपासेल, याची सह्यांसह नोंदवही ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पाऊण तासाची बैठक घ्या आणि तीत सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला आधी बोलू द्या. विभागप्रमुख किंवा तुम्ही आधी बोललात, की पुढे सगळे होकारच येतात.

कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांकडून उत्तम दर्जाचे संशोधन होऊ शकते का, अशी शंका असेल तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी बाळाचे वजन, ताप आणि श्वासाची गती यांच्या नोंदी आणि उपचारही त्यांच्याकडून करून घेतले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यामागे सातत्याचे प्रशिक्षण होते, गावात जाऊन केलेली देखरेख होती आणि कार्यकर्तीच्या नोंदीवर ठेवलेला, परंतु तपासलेला, विश्वास होता. मुख्य संशोधकाने महिन्यातून किमान दोन दिवस कार्यकर्त्यासोबत फिरावे, हा धडा मी तेथून घेतला.

पैशांविषयी थोडक्यात. शासकीय संस्थेत खरेदी बहुधा जेम पोर्टलवरून होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून किट व रसायनांची मागणी तीन महिने आधी नोंदवा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. खर्चाचे विवरण आणि शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही, तर पुढचा हप्ता अडतो. दर महिन्याच्या पाच तारखेला लेखा विभागात अर्धा तास बसण्याची सवय लावून घ्या.

पायरी ७: अवघड बोलणे टाळू नका आणि चारचौघांतही करू नका

माझ्या दुसऱ्या प्रकल्पात पाठपुराव्याचे नोंद-फॉर्म तपासताना काही रुग्णांच्या रक्तदाबाचे आकडे एकसारखे दिसले. दोन रुग्णांना फोन केला तेव्हा त्यांच्याकडे कोणी गेलेच नव्हते, असे कळले. मी संबंधित कार्यकर्त्याला सर्वांसमोर जाब विचारला. तो गप्प राहिला, दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, आणि त्यानंतर बाकीच्यांनीही आपल्या अडचणी मला सांगणे बंद केले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळे ऐकून घेऊन एवढेच विचारले, “त्याला दिवसाला किती घरे दिली होतीस?” मी नकाशा काढला. शहराच्या दोन टोकांना विखुरलेली अठरा घरे एका दिवसात, दुचाकीच्या भत्त्याशिवाय, हे माझेच नियोजन होते. खोटी माहिती भरणे त्यामुळे क्षम्य ठरत नाही. ती सर्व माहिती आम्ही विश्लेषणातून काढून टाकली, घडलेला प्रकार नैतिकता समितीला लेखी कळवला आणि शक्य त्या रुग्णांची नव्याने भेट घेतली. परंतु घरांची संख्या आठवर आणल्यानंतर उरलेल्या वर्षभरात असे पुन्हा घडले नाही.

तेव्हापासून मी असे बोलणे बंद दाराआड, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करते. आधी दिसलेली गोष्ट सांगते, स्वभावाविषयी काही बोलत नाही. मग समोरच्याला पूर्ण बोलू देते. शेवटी काय बदलायचे ते दोघे मिळून ठरवतो आणि मी ते लिहून पाठवते. ज्येष्ठांशी बोलतानाही हीच पद्धत चालते. ‘सर, आपले शेरे सहा आठवड्यांपासून यायचे आहेत, अर्जाची मुदत पंधरा तारखेला संपते, दहा तारखेपर्यंत न आल्यास मी आहे तो मसुदा पाठवू का?’ या वाक्यात अनादर नाही, आणि काम पुढे जाते.

पायरी ८: नाते थांबवण्याची वेळ आली तर

गरजा बदलतात आणि मार्गदर्शकही बदलतात. वर्षाच्या आढाव्यात आभार मानून, चालू काम कोण पूर्ण करणार हे ठरवून, सौजन्याने थांबावे. मात्र तुमचे काम दुसऱ्याच्या नावावर जात असेल, माहितीत फेरफार करण्याचा दबाव येत असेल किंवा वैयक्तिक त्रास होत असेल, तर तो मतभेद समजून सोसू नये. तारखांसह नोंद ठेवा आणि संस्थेतील दुसऱ्या विश्वासू ज्येष्ठांना लगेच सांगा. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे रुजू होतानाच पाहून ठेवावीत. बाळंतपण किंवा घरच्या जबाबदारीमुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांनी तो खंड अर्जात लपवू नये. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर ही योजना स्त्री-संशोधकांसाठीच आहे.

पायरी ९: स्वतः मार्गदर्शन करायला लवकर सुरुवात करा

यासाठी प्राध्यापक होण्याची वाट पाहू नका. आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी-शिष्यवृत्ती, म्हणजे एसटीएस, १९७९ पासून चालू आहे आणि तीत एमबीबीएस व बीडीएसचे विद्यार्थी एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करतात. माझ्या मते नव्या सहायक प्राध्यापकासाठी मार्गदर्शनाचा सराव करण्याची ही सर्वांत योग्य जागा आहे, कारण प्रश्न लहान असतो, मुदत ठरलेली असते आणि विद्यार्थी उत्सुक असतो. विद्यार्थ्याला तुमच्या मोठ्या प्रकल्पातील फुकटची माहिती-नोंद करायला लावू नका. दोन महिन्यांत पूर्ण होईल असा स्वतंत्र प्रश्न त्याला द्या आणि त्यावरील लेखकत्व पहिल्याच दिवशी त्याच्यासोबत लिहून ठरवा.

त्यासाठी ओपीडीतील नेहमीच्या कामातून सुचलेले दोन-तीन प्रश्न वहीत आत्ताच टिपून ठेवा. अर्जाची सूचना निघाल्यावर प्रश्न शोधायला बसलात, तर नैतिकता समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत प्रोटोकॉल तयार होत नाही आणि विद्यार्थ्याचे ते वर्ष वाया जाते.